आईचा तांब्या आणि घरचा वजनकाटा

रेल्वे स्टेशनवर पूर्वी वजनाचे यंत्र असे, ते चाळिशी ओलांडलेल्या वाचकांना आठवत असेल. लाल-हिरवे दिवे, काचेआड गरगर फिरणारे चक्र, आणि नाणे टाकले की खटकन बाहेर पडणारे पुठ्ठ्याचे चिमुकले तिकीट. त्यावर वजन छापलेले आणि सोबत भविष्य. आमच्या घरात भविष्याला थारा नव्हता, त्यामुळे मी तेवढा मजकूर सोडून देई आणि वजनाचा आकडा मात्र निमूटपणे खरा मानी. एकाच यंत्रातून, एकाच तिकिटावर आलेल्या दोन गोष्टींपैकी एक थोतांड आणि दुसरी सोळा आणे खरी, हे मी कशावरून ठरवले होते कोण जाणे! कालामसुत्तावर मी विहारात दोनदा बोललो आहे. तपासून पाहिल्याशिवाय काही मानू नका, असे मुलांना सांगितले आहे. पण आकडा दिसला की आम्हा कारकुनांची मान आपोआप लवते.

हे आज लिहिण्याचे कारण आमच्या घरचा वजनकाटा. त्याने आईच्या जिवाशी खेळ मांडला, असे मी बरेच दिवस लोकांना सांगत असे. खरे पाहता त्यात काट्याचा वाटा निम्मा होता आणि निम्मा माझा.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात आईला धाप लागू लागली. पाय सुजले, रात्री आडवे पडले की जीव गुदमरे. तपासणीत हृदयाचे पंपिंग कमी झाल्याचे निघाले. आठवडाभर रुग्णालयात ठेवून, अंगात साठलेले पाणी लघवीवाटे काढून तिला घरी सोडले. निघताना डॉक्टर मॅडमनी गोळ्या समजावून सांगितल्या, मीठ कमी करायला सांगितले आणि विचारले, "घरी वजनकाटा आहे का?" नव्हता. "मग आजच घ्या. रोज सकाळी वजन करून वहीत लिहा. तीन दिवसांत दोन किलोच्या वर वाढलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. लगेच या."

मला नवल वाटले. वजनाचा आणि हृदयाचा संबंध जाडेपणापुरता, असा माझा समज. मॅडमनी दोन वाक्यांत तो दूर केला. माणूस कितीही जेवला तरी तीन दिवसांत दोन किलो चरबी चढत नाही. एवढ्या झपाट्याने वाढते ते पाणी. हृदय नीट काम करीत नसले की मूत्रपिंड मीठ-पाणी धरून ठेवतात, आणि एक लिटर पाणी म्हणजे सरळसरळ एक किलो. पायाची सूज डोळ्यांना दिसेपर्यंत अंगात काही लिटर साठलेले असते. धाप बहुधा त्याच्याही नंतरची. सर्वांत आधी कळते ते काट्याला. म्हणजे गोळीइतकाच काटाही औषधाच्या यादीतला.

घरी येताना स्टेशनजवळच्या एका दुकानातून मी काटा घेतला. चकचकीत काचेचा, निळ्या उजेडात आकडे दाखवणारा. दुकानदाराने मला त्यावर तीनदा उभे केले. तिन्ही वेळा ६८.४. "बघा साहेब, एका ग्रॅमचा फरक नाही." मी खूष होऊन पैसे मोजले. आमच्या कचेरीत पूर्वी एक जुने हेडक्लार्क होते. कॅशबुक पहिल्याच बेरजेला पैशाला पैसा जुळले की ते चष्मा कपाळावर चढवून म्हणत, "पुन्हा कर. इतकं गोड जुळत नसतं." ते त्या दिवशी दुकानात बरोबर असायला हवे होते.

आई काट्यावर चढायलाच तयार नव्हती. "मला काय तोलायचंय? मी काय कापूस हाय?" म्हणाली.

हा नुसता विनोद नव्हता. परभणीकडे असताना आईची उमेदीची वर्षे दुसऱ्याच्या रानात कापूस वेचण्यात गेली. वेचणी किलोवर. दिवसभर वाकून वेचलेला कापूस संध्याकाळी गाठोड्यात बांधून बांधावर आणायचा, तो आकड्याच्या काट्याला टांगायचा आणि मालक सांगेल तो आकडा मुकाट ऐकायचा. कापूस ओला आहे म्हणून दोन किलो कडता कापायचा, गाठोड्याच्या धडप्याचे वजन वेगळे. आईला अक्षरओळख नव्हती, पण स्वतःच्या कमरेला किती ओझे आहे हे तिला पक्के ठाऊक असे. काटा मारलेला आहे हे सगळ्या बायकांना कळत असे, पण बोलणार कोण? दीघनिकायातल्या ब्रह्मजालसुत्तात खोट्या तराजूने फसवण्याला वेगळे नावच आहे, तुलाकूट. अडीच हजार वर्षांपूर्वी नाव ठेवण्याइतका तो धंदा रुळलेला होता.

तर अशा बाईला मी काचेच्या काट्यावर उभे केले. पहिल्या दिवशी ५४.२. दुसऱ्या दिवशी ५४.२. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या दिवशी ५४.२. वही अशी सुरेख दिसत होती की ऑडिटरने बघत राहावे. आई मात्र कुरकुरत होती. "रोज येवढंच कसं भरतं रं? बांगड्या वर चढंनात माझ्या. मालकाचा काटाबी असाच हुता, वझं किती का आसंना." मी हसून म्हणालो, "आई, हे मशीन आहे, मालक नाही."

सहाव्या दिवशी सकाळी काट्याने एकदम ५५.३ दाखवले. माझ्या पोटात धस्स झाले. पण मन कसे असते पाहा. पाच दिवस बरोबर असलेला काटा आजच चुकला असणार, असे मला वाटले. आमच्या स्वयंपाकघरात जुनी शहाबादी फरशी आहे. एक पाय खड्ड्यात असेल म्हणून मी काटा दाराकडे सरकवला. ५४.९ आले. आईचे पाय गार पडतात म्हणून मग चटईवर ठेवला. ५४.१! हायसे वाटले आणि मी वहीत लिहिले, ५४.२. तपासणीच्या आदल्या दिवशी बिल बसवावे तसा मी आईच्या वजनाचा आकडा बसवला. आईला त्या रात्री झोपताना दोन उशा लागल्या, हे माझ्या पत्नीने सांगितले होते. वहीत उशांचा रकाना नव्हता.

आठव्या दिवशी रात्री दीड वाजता आई उठून बसली ती श्वासासाठी तोंड उघडून. रिक्षाने रुग्णालयात नेले. तिथल्या काट्यावर तिचे वजन भरले ५७.१. आठ दिवसांत जवळजवळ तीन किलो पाणी. मॅडमनी माझी वही चाळली आणि काही न बोलता परत दिली. त्या बोलल्या असत्या तर बरे वाटले असते.

आई वाचली. पुन्हा घरी आल्यावर पहिल्या सकाळी मी काटा काढला तेव्हा ती म्हणाली, "थांब जरा." आधी नुसतीच चढली. ५३.४. उतरली. काट्याचा दिवा विझू दिला. मग ओट्यावरचा लहान तांब्या पाण्याने भरून हातात घेतला आणि पुन्हा चढली. ५३.४. तांब्या पाण्यासकट चांगला अर्धा किलोचा. तो गेला कुठे?

"आमी रानात आसंच करायचो," ती म्हणाली. "वाण्याकडं तोललेला पाच किलोचा दगड येकजण गाठोड्यात घालायची. मग कळायचं मालक किती खातो ते." आणि काट्याकडे बोट करून, "ह्यो बी खातो."

या प्रश्नाचा मी पुढे बराच पिच्छा पुरवला. ओळखीच्या एका इलेक्ट्रॉनिक्सवाल्या मुलाने कोडे सोडवले. काही डिजिटल काट्यांत शेवटचे वजन साठवून ठेवण्याची सोय असते. नवे वजन जुन्याच्या अगदी जवळ आले की काटा ते नवे वजन न दाखवता जुनाच आकडा पुन्हा दाखवतो. गिऱ्हाईक दुकानात तीनदा चढते, तिन्ही वेळा सारखा आकडा पाहते आणि काटा उत्तम आहे असे समजून घेऊन जाते. फरक मर्यादेपलीकडे गेला की आकडा एकदम उडी मारतो, आणि ती उडी पाहून माझ्यासारखा शहाणा म्हणतो की काटा आजच बिघडला. माझ्या आईच्या अंगात रोज थोडे थोडे पाणी चढत होते आणि काटा कालचाच आकडा वाचून दाखवत होता.

असा काटा ज्यांच्या घरी आधीच आहे त्यांनी तो फेकून द्यावा असे नाही. दोन वजनांच्या मध्ये घरातल्या दुसऱ्या, बऱ्याच कमी-जास्त वजनाच्या माणसाला त्यावर उभे करावे. काट्याची जुनी आठवण पुसली जाते आणि पुढचे वजन नव्याने मोजले जाते. पण आधी तो तसला आहे की नाही हे कळायला हवे. त्याला आईचा तांब्या पुरे. पाण्याची अर्ध्या लिटरची भरलेली बाटलीही चालेल. एकदा नुसते चढा, उतरा, दिवा विझू द्या, बाटली घेऊन चढा. अर्धा किलो वाढला नाही तर काटा तुमची समजूत काढतो आहे.

आता चटईचे. डिजिटल काट्याला चार कोपऱ्यांत चार पाय असतात आणि बहुतेकांत प्रत्येक पायात धातूची एक छोटी पट्टी असते. भाराने ती केसभर वाकते. तिच्यावर चिकटवलेल्या अतिशय बारीक तारेचा विद्युतरोध त्यामुळे किंचित बदलतो, आणि चारही पायांची बेरीज करून आतले सर्किट आकडा काढते. ही बेरीज बरोबर यायची तर चारही पाय कठीण आणि सपाट जागेवर टेकायला हवेत. चटईत, सतरंजीत पाय रुततात, भार भलतीकडे जातो आणि आकडा बहुधा कमी येतो. खडबडीत फरशीवर तीनच पाय टेकतात. इंग्रजीत याला बाथरूम स्केल म्हणतात, पण आपल्या मोरीत तो चुकूनही ठेवू नये. मोरीला पाणी वाहून जायला उतार असतो, आणि ओलीने काटा गंजतो ते वेगळेच.

तबकडीवर काटा फिरणाऱ्या जुन्या साध्या काट्याची गोष्ट निराळी. त्यात तरफा आणि स्प्रिंग. स्प्रिंग वर्षानुवर्षे ताणून थकते, शून्य सरकते. ते जागेवर आणायला बाजूला एक चाक असते आणि ते फिरवायचे असते, हे कित्येकांना ठाऊक नसते. मात्र हा काटा आठवण ठेवत नाही. चुकला तरी आजच्याच वजनाला चुकतो.

एवढे कळल्यावर मला स्वस्थ बसवेना. आमच्या वस्तीत रक्तदाबाचे, मधुमेहाचे, हृदयाचे रुग्ण घरटी एक म्हणावेत इतके. काटे किती घरांत असतील आणि त्यांतले खरे किती? विहारात रविवारच्या वंदनेनंतर मी विषय काढला आणि पुढच्या रविवारी ज्यांच्याकडे काटा आहे त्यांनी तो आणावा असे सांगितले. प्रमाण वजने कोठून आणायची हा प्रश्न होता. वस्तीतल्या किराणा दुकानदाराने सोडवला. त्याच्याकडे जुनी लोखंडी वजने होती, २० किलोची दोन आणि १० किलोचे एक, वैधमापन शास्त्र विभागाचे मुद्रांकन केलेली. दुकानात विक्रीसाठी वापरायचा इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी पडताळून मुद्रांकित करून घ्यावा लागतो. घरातला काटा तपासायला कोणी येत नाही. अर्धा किलो साखरेला कायद्याचे संरक्षण आहे, आजारी माणसाच्या वजनाला ज्याचे त्याने पाहावे.

वजने हातगाडीवर आली. सारी मिळून ५० किलो. वीसच का नाही, पन्नासच कशाला, असे एका तरुणाने विचारले. प्रश्न रास्त होता. काटा वीस किलोला बरोबर आणि साठला चुकीचा असू शकतो. ज्या वजनाच्या आसपास आपल्याला तो वापरायचा आहे तिथेच तपासावा. काचेवर लोखंड आपटू नये म्हणून मध्ये लाकडी पाट ठेवला आणि पाटाचे वजन आधी दुकानातल्या काट्यावर करून आणले.

नऊ काटे आले. निवृत्त परिचारिका असलेल्या एका ताईंचा तबकडीचा काटा वीसेक वर्षांचा होता. ५० किलोला त्याने ४७.५ दाखवले. लोक हसले. ताई शांतपणे म्हणाल्या, "मला माहीत आहे. मी अडीच मिळवते." आम्ही पाच वेळा वजने उचलून पुन्हा ठेवली, पाचही वेळा काटा त्याच रेघेवर. एका भगिनीचा काटा बिघडला म्हणून माळ्यावर टाकलेला होता, कारण तो तिचे वजन १३० दाखवी. उलटा करून पाहिला तर पाठीमागे एक बटण होते आणि ते पौंडावर सरकलेले होते. १३० पौंड म्हणजे ५९ किलो. काटा ठणठणीत होता. एकाची बॅटरी उतरली होती, तो मिनिटामिनिटाला मत बदलत होता. तीन काटे दोनशे ग्रॅमच्या आत खरे निघाले आणि त्यांतला एक सगळ्यांत साधा, सगळ्यांत स्वस्त होता. आमच्या काट्याचा एक सख्खा भाऊही सापडला. त्या घरातले गृहस्थ महिनाभर वजन अजिबात हलत नाही म्हणून खचून गेले होते.

नववा काटा मोबाईलला जोडता येणारा होता. चरबी किती टक्के, स्नायू किती, हाडे किती, वय किती, सगळे सांगणारा. वजन त्याचे ठीक होते. पण चरबीचा आकडा त्याच माणसाचा अर्ध्या तासात वेगळा आला. हे काटे तळपायांतून अगदी सौम्य वीजप्रवाह सोडून शरीराचा विद्युतरोध मोजतात आणि त्यावरून चरबीचा अंदाज बांधतात. अंगात पाणी किती, पाय ओले की कोरडे, यावर तो अंदाज हलतो. ज्यांच्या छातीत पेसमेकर बसवलेला आहे त्यांनी असल्या काट्यावर चढूच नये. त्यासोबतच्या माहितीपत्रकातही सहसा हे लिहिलेले असते, पण ते वाचतो कोण!

त्या दिवशी दोन गोष्टींतला फरक सगळ्यांच्या नजरेसमोर आला. काटा खरा असणे वेगळे आणि काटा स्थिर असणे वेगळे. परिचारिका ताईंचा काटा खोटा पण स्थिर. आईसारख्या रुग्णाला तो चालेल, कारण तिथे काल आणि आज यांतला फरक महत्त्वाचा. पण क्षयरोगाच्या रुग्णाला तो चालणार नाही. मोठ्या माणसांना क्षयाच्या एकत्रित गोळ्या वजनाच्या गटाप्रमाणे देतात, ३५ ते ४९ किलोला रोज ३ आणि ५० ते ६४ किलोला ४. अडीच किलो कमी भरले तर ५१ किलोचा माणूस खालच्या गटात जाईल आणि रोज एक गोळी कमी खाईल. म्हणून गोळ्या ठरवायच्या त्या केंद्रावरच्या काट्याने. घरचा काटा वजन चढते आहे की नाही एवढे पाहायला.

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मला इथे बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरचा १९२३ चा ग्रंथ आठवल्याशिवाय राहिला नाही. रुपयाची खरेदीशक्ती स्थिर राहिली पाहिजे, हा त्यातला त्यांचा आग्रह. ज्याने सगळे मोजायचे ते मापच सरकत असेल तर सर्वांत आधी बुडतो तो हातावर पोट असणारा. आमच्या आईने हेच अर्थशास्त्र बांधावर शिकले होते.

काटे तपासून होईपर्यंत गप्पा अर्थातच जाडेपणावर घसरल्या, कारण नऊ घरांपैकी सहा घरांनी काटा त्यासाठीच घेतला होता. तेव्हा एका ज्येष्ठ उपासिकेने कोसलच्या पसेनदी राजाची गोष्ट सांगितली. संयुत्तनिकायात ती आहे. राजा एका वेळी द्रोणभर भात खाई आणि मग धापा टाकीत भगवंतांच्या भेटीला येई. भगवंतांनी त्याला भोजनातल्या मात्रेविषयी एक गाथा सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज जेवताना म्हणून दाखवायला शंभर कहापण ठरवले. हळूहळू राजा नाळीभर भातावर आला आणि त्याचे अंग हलके झाले. एका काकूंनी लगेच विचारले, "त्याच्याकडे काटा होता का?" नव्हता. त्याने ताटात पडणारे मोजले, अंगावर चढलेले नाही. ज्यांना वजन उतरवायचे आहे त्यांनी रोज सकाळी काट्यावर चढून हिरमुसण्यापेक्षा आठवड्यातून एकदाच पाहावे, असे माझेही मत झाले आहे. जेवण, पाणी, मीठ, पोट साफ होणे यांनी एका दिवसात किलोभर इकडचे तिकडे सहज होते. रोजचे वजन हे आजाऱ्यासाठी.

मग आम्ही आईसाठी दुसरा काटा घ्यायला निघालो. या वेळी माझ्या पिशवीत अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली होती. पहिल्या दुकानात मी चढलो, उतरलो, बाटली घेऊन चढलो. आकडा तोच. दुकानदाराने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी त्याच्या गल्ल्यात हात घातला. दुसऱ्या दुकानात खोका उघडूच देईनात. तिसऱ्या ठिकाणी एका पोरसवद्या विक्रेत्यानेच उत्सुकतेने बाटली मागून घेतली आणि दुकानातले चारही काटे माझ्यासमोर पाहिले. त्यातून निवडला तो असा : पसरट, म्हातारे पाय नीट मावतील असा. पृष्ठभाग खरखरीत, कारण गुळगुळीत काचेवर आईचा पाय घसरे. आकडे मोठे आणि काळे. १०० ग्रॅमचा टप्पा. काही काटे ५० ग्रॅमपर्यंत आकडा दाखवतात, पण दाखवणे म्हणजे तेवढे अचूक असणे नव्हे. पेन्सिल सेलवर चालणारा घेतला, कारण चपटे बटण-सेल आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात कधी असतात, कधी नसतात. चरबी-बिरबी काही नाही. घरपोच मागवणाऱ्यांनी परत घेण्याची मुदत आधी पाहावी आणि तिच्या आत बाटली, लोखंडी वजने, जे मिळेल त्याने तपासून घ्यावे. स्वयंपाकाचा गॅस सिलिंडर रिकामा झाला की तोही उपयोगी पडतो. त्याचे रिकामे वजन त्याच्यावरच लिहिलेले असते, बहुधा पंधरा-सोळा किलोच्या आसपास. तो उचलता येणाऱ्या माणसाने हातात धरून चढावे आणि तेवढे वाढते का पाहावे. भरलेला उचलू नये आणि काचेवर तर कोणताच ठेवू नये.

घरात काट्याची जागा आता ठरलेली आहे. आतल्या खोलीत नवी लादी आहे, तिथे चारही पायांच्या खुणा मी रंगाने करून ठेवल्या आहेत. केर काढताना हलवला तर तो पुन्हा खुणांवर ठेवायचा, एकदा पायाने दाबून सोडायचा आणि शून्य येऊ द्यायचे. हलवल्यानंतरचे पहिले वजन लिहायचे नाही. आईचे वजन सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर आणि चहाच्या आधी. अंगात नेहमीचे हलके कपडे. लुगड्याचेच अर्धा-पाऊण किलो होतात, एक दिवस लुगडे आणि एक दिवस गाऊन असे करून चालत नाही. भिंतीला धरायचे नाही, ही सवय मोडायला महिना लागला. तोल जातो म्हणून ती एक बोट टेकी, आणि एका बोटानेसुद्धा आकडा घटतो. आता पत्नी समोर उभी राहते, पण हात लावत नाही. आकडा येईल तो लिहायचा. आवडला नाही तर काटा न हलवता आणखी एकदा पाहायचे आणि दोन्ही आकडे लिहायचे. वहीत मी आता एक रकाना वाढवला आहे, उशा किती.

या वहीच्या जोरावर गेल्या दिवाळीनंतर एकदा वेळेवर पोचलो. फराळाच्या चिवड्यातले मीठ असावे. तीन दिवसांत २.३ किलो चढले, पायावर सूज नाही, धाप नाही. आईला बरे वाटत होते, म्हणून यायलाही तयार नव्हती. मॅडमनी लघवीच्या गोळीचे प्रमाण चार दिवस बदलून दिले आणि वजन जागेवर आले. भरती व्हावे लागले नाही. त्यांनी वही हातात घेऊन या वेळी दोन-तीन प्रश्न विचारले.

लोखंडी वजने दुकानदाराने विहारालाच देऊन टाकली आहेत. महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदनेनंतर ती बाहेर काढतो. आपापल्या वस्तीत कोणाला असे करायचे असेल तर मुद्रांकन असलेलीच वजने घ्यावीत, भंगारातली घिसलेली नको. आणि काटा आणताना तो कपड्यात गुंडाळून आडवा आणावा, पिशवीत उभा कोंबू नये.

आईचे वजन काल ५२.३ भरले. मी वहीत लिहिले. तिला वाचता येत नाही, पण मी वही मिटली की ती नातीला हाक मारते, पान उघडायला लावते आणि बापाने काय लिहिले आहे ते तिच्याकडून मोठ्याने वाचून घेते.